राघू घरी कधी जातो?

"माफ करा, पण तुमच्यामुळे एकाला घरी जाता येत नाहीये."

शार्दूलशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. तेव्हा त्याचं नावही मला माहीत नव्हतं. आमच्या बिल्डिंगमागच्या बागेत, वाळूच्या ढिगाऱ्यासमोरच्या बाकावर, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच ठेवून एक मुलगा बसला होता. नुकताच त्याने फोनवर "हो गं आई, जेवतो मी वेळेवर" असं म्हणून फोन ठेवला होता, आणि तेव्हापासून तो समोर एकटक बघत होता... काहीच न बघता.

तो दचकला. आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे, मग माझ्याकडे.

"कोणाला?"

"तो काय, काठीवर बसलाय."

खजुराच्या कोवळ्या झाडाला आधार म्हणून रोवलेली काठी. तिच्या टोकावर तो बसला होता — चिमणीहून जरासा मोठा, अंगभर हिरवा, चेहरा निळा, डोळ्यातून काजळाची रेघ ओढल्यासारखी. चोचीत एक मोठा चतुर आडवा धरलेला. चतुराचे काचेसारखे पंख संध्याकाळच्या उन्हात लुकलुकत होते.

"याला घर आहे?"

"आहे. तुमच्या समोरच. पण नेमकं कुठे ते सांगणार नाही."

"का?"

"तुम्ही तिकडे बघाल."

तो हसला. हसताना त्याचा एकच गाल हलतो, हे मी पाहिलं. सवयीने पाहिलं, मी सगळंच पाहते.

"बरं, उठतो. पण मला काय मिळेल?"

"बहुतेकांना कधी दिसत नाही असं काहीतरी बघायला मिळेल."

तो उठला. मी त्याला ढिगाऱ्याच्या बाजूला, कडुनिंबाखाली मांडलेल्या माझ्या घडीच्या खुर्चीपाशी नेलं. तिथून काठी दिसते, पण ढिगाऱ्याच्या उतारामुळे त्याच्या पोटातलं बीळ दिसत नाही. आम्ही तिथे पोचतो न पोचतो तोच काठी रिकामी झाली. हिरवा झोत खाली सुटला, ढिगाऱ्याआड गेला आणि लगेच परत वर. चोच रिकामी.

"म्हणजे... तो मी उठायचीच वाट बघत होता?"

"तुमची नाही. तुमची नजर हटायची. इथेही आपण तेवढ्याच अंतरावर आहोत, शिवाय आता दोघं आहोत. पण इथून आपल्याला त्याचं दार दिसत नाही, आणि हे त्याला कळतं."

त्याने मान उंचावून काठीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "वेडा राघू!"

मला राग आला. एवढ्या हुशार पक्ष्याला वेडा? "वेडा कशाला? तुमच्या-माझ्यापेक्षा शहाणा आहे तो."

"अहो, नावच आहे त्याचं! आमच्या मिरजेला तारांवर रांगा लागतात यांच्या. उडतो, माशी पकडतो, पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. पुन्हा उडतो, पुन्हा तिथेच. म्हणून वेडा. फक्त आमच्या राघूच्या शेपटीला लांब तार असते, आणि चेहरा इतका निळा नसतो. हा दुबईचा दिसतोय. शेपूट कापून, मेकअप करून आलेला."

मी शारजात जन्मले, दुबईत वाढले. मराठी घरात शिकले, पक्षी इंग्रजीत. त्या संध्याकाळपर्यंत तो माझ्यासाठी नुसता 'बी-ईटर' होता.

* * *

माझी नोकरी अल क्वोजमधल्या एका लॅबमध्ये आहे. दिवसभर मी डाळी आणि मसाल्यांमध्ये कीटकनाशक किती आहे ते तपासते. जीवशास्त्र शिकून शेवटी हळद मोजतेस, असं बाबा चिडवतात. म्हणून सकाळ-संध्याकाळ मी कॅमेरा घेऊन बागेत असते. आमचं सिलिकॉन ओएसिस म्हणजे काचेच्या इमारती आणि त्यांच्यामध्ये पाइपाने पाणी देऊन हिरवे ठेवलेले तुकडे. पण त्या तुकड्यांत जे चालतं ते कोणत्याही जंगलात शोभेल असं! एक शिंजीर पार्किंगमधल्या पांढऱ्या गाडीच्या आरशातल्या स्वतःशी रोज भांडायचा. शेवटी गाडीवाल्याने आरशांना मोजे चढवले. एक टिटवी फवाऱ्याखाली जाऊन पोटाची पिसं चिंब भिजवायची आणि तशीच ओली जाऊन खडीतल्या अंड्यांवर बसायची. बाहेर चाळीसच्या वर तापमान, आणि हिने आपला कूलर स्वतः तयार केलेला. हे बघताना मला नेहमी वाटतं, कोणीतरी शेजारी असावं... कोपराने ढोसून "बघितलंस?" म्हणायला.

राघूचं मात्र नुसतं बघून भागणार नव्हतं. पुण्याच्या बाजूला फार वर्षांपूर्वी काहींनी हा प्रयोग केला होता, ते मी शिकत असताना वाचलं होतं. समोरच्याला आपलं घर दिसतंय की नाही, हे या पक्ष्याला कळतं का? मला ते माझ्या बागेत बघायचं होतं.

"त्याला दोन माणसं लागतात," मी शार्दूलला सांगितलं. "एक बाकावर, एक खुर्चीवर. बाकावरच्याने बिळाकडे बघत राहायचं. खुर्चीवरच्याने वेळ मोजायची, फोटो काढायचे. मी एकटीच आहे."

"हे 'मी एकटीच आहे' सगळ्यांना सांगता, की ज्यांना बाकावरून उठवता त्यांनाच?"

मी उगाच लेन्स पुसली.

"उद्या सकाळी येतो," तो म्हणाला. "इन्शाल्ला म्हणत नाहीये. खरंच येतो."

आणि आला. इथल्या टपरीवरचे दोन करक, म्हणजे दुधाळ कडक चहा घेऊन आला.

* * *

तो पंप बनवणाऱ्या एका कंपनीत डिझाइन इंजिनिअर होता. ऑफिस आमच्याच रस्त्यावर, कारखाना दूर हमरियाला. बाग त्याला माझ्यापेक्षा वेगळी ऐकू यायची. एका सकाळी तो बोलता बोलता थांबला, मान तिरकी केली, आणि म्हणाला, "पाइपमध्ये हवा सरकतेय..." मी काय म्हणून विचारायच्या आत गवतातले सगळे फवारे एकदम सुटले. मी किंचाळले. त्याने झेप घेतली आणि आपली लॅपटॉपची बॅग आडवी धरली — माझ्यावर नाही, माझ्या कॅमेऱ्यावर.

दोघंही नखशिखांत भिजलो. ओल्या वाळूचा वास, चाफ्याचा वास, आणि त्याच्या चष्म्यावरून ओघळणारं पाणी. कॅमेरा कोरडा ठणठणीत.

"माझ्यावर धरायची होतीस ना बॅग," मी केस पिळत म्हणाले.

"तू वाळशील. लेन्स वाळली तरी बुरशी धरते, तूच सांगितलं होतंस." मग तो एकदम थांबला. "सॉरी... 'तू' म्हणालो."

"मीच आधी म्हणाले."

"हो का? मग यल्ला, चालू दे."

त्या दिवसापासून 'अहो' गेलं. कुठल्या शब्दाला गेलं हे मी नक्की सांगू शकते, आणि मला तसं सांगता येतं याचा आनंद काही औरच आहे.

मी त्याचं कौतुक करत होते, पण मनातल्या मनात. त्याच्या गप्प बसण्याचं, जे मला कोणातच फारसं सापडलं नव्हतं. राघू मधमाशी पकडून काठीवर का आपटतो, हे त्याने मला विचारलं नाही, दोन दिवस बघितलं आणि स्वतःच म्हणाला, "नांगी काढतोय. घासून घासून काढतोय, पोरांच्या घशात जाऊ नये म्हणून." माहिती असणारे लोक मला खूप भेटले होते. बघून ओळखणारा हा पहिलाच.

बाकावर मी असले की राघू काठीवर ताटकळायचा. एवढासा जीव, चोचीत घास, बिळातून पिल्लांची बारीक किरकिर... पण हलायचा नाही. मान वाकडी करून माझ्याकडे बघायचा, उडायचा, मोठी फेरी मारून पुन्हा काठीवर. कधी मुद्दाम भलत्याच जागी, गवतात उतरायचा, जणू घर तिकडेच आहे! असा नट मी पाहिला नाही. मी उठले की दुसऱ्या क्षणी आत. इतक्या लहानशा डोक्यात माझ्या डोळ्यांचा हिशोब कुठे मावत असेल, या विचाराने माझ्या अंगावर अजून काटा येतो.

* * *

घोटाळा आईमुळे झाला. खरं तर आईच्या स्पीकरमुळे.

स्वयंपाकघरात आईचा भजनं लावायचा एक छोटा स्पीकर आहे, आणि माझा फोन घरात शिरला की आपोआप त्याला जोडला जातो. मी खोलीत बसून शार्दूलचा व्हॉइस मेसेज लावला. मला काही ऐकू आलं नाही. आईला सगळं ऐकू गेलं.

"ईशानी, आज राघू खूश होता! तू समोर नव्हतीस ना, सरळ बायकोकडे गेला. तू समोर बसलीस की बिचाऱ्याला घरी जावंसंच वाटत नाही. उद्या ये लवकर, तो वाट बघतो तुझी."

आई दारात उभी. हातात उलथनं.

"हा राघू कोण?"

मला वाटलं, मी घरी कधीतरी राघूबद्दल बोलले असेन. "अगं, बागेतला."

"लग्न झालंय त्याचं?"

"लग्न वगैरे नसतं गं त्यांच्यात. पण जोडी आहे."

आईने दाराची चौकट धरली. "म्हणजे तसेच राहतात? मुलं?"

"तीन तरी असावीत. आवाजावरून सांगतेय, अजून बघितली नाहीत."

"आणि तू... त्याच्या घरासमोर बसतेस?"

"रोज. तू पूजा करतेस ना, तेव्हा. फोटोही काढते."

"फोटो!" आई मटकन पलंगावर बसली. "अगं, हा देश कुठला, आपण कोण! तुझ्या बाबांचा व्हिसा, माझी शुगर... एवढी शिकलीस ती यासाठी? कोणाच्या बायकोला कळलं तर?"

"तिला माहितीये. तीही माझ्यापुढे येत नाही."

आईच्या डोळ्यांत पाणी तरळलं, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मी कॅमेऱ्याचा पडदा तिच्यापुढे धरला. हिरवा पक्षी, निळा चेहरा, चोचीत चतुर. आईने बघितलं. पुन्हा बघितलं. मग उलथन्यानेच माझ्या पाठीत एक हलकी ठेवून दिली आणि इतकी हसली, इतकी हसली की गॅसवरचं थालीपीठ करपल्याचा वास आला तरी तिला उठवेना.

"देखणा आहे मेला," डोळे पुसत ती म्हणाली. "बायकोला जपतो, म्हणजे चांगल्या घरचा दिसतो."

"हो ना?"

"हं." ती उठली, दारापर्यंत गेली, आणि वळली. "आणि बोलत होता तो कोण? तोही पक्षीच का?"

"तो... तो माझा दुसरा निरीक्षक आहे."

"आवाज चांगला आहे निरीक्षकाचा," आई म्हणाली आणि करपलेलं थालीपीठ उलटायला गेली.

* * *

मग डेटा बिघडायला लागला.

माझे आकडे स्वच्छ होते. बाकावर मी — राघू ताटकळतो. बाक रिकामा — राघू लगेच आत. पण बाकावर शार्दूल असला की राघू चतुर घेऊन यायचा, एकदा मान वाकडी करायचा, आणि बिनधास्त आत शिरायचा. रोज. जणू बाकावर कोणी नाहीच.

"सवय झाली असेल माझी," शार्दूल म्हणाला.

"मग माझी का नाही? मी तुझ्या आधीपासून येतेय."

"मी भला माणूस दिसतो."

"पहिल्या दिवशीही तूच होतास. तेव्हा नव्हता गेला."

"तेव्हा कदाचित भला दिसत नसेन."

मी कपडे बदलून पाहिले. त्याची निळी टोपी मी घातली, माझा खाकी शर्ट त्याने अंगावर टाकला. तो शर्ट त्याला दंडात घट्ट होत होता आणि मी त्याकडे बघायचं टाळत होते. चष्म्याची चकाकी कारण असेल म्हणून त्याला चष्मा काढायला लावला. काही फरक नाही. माझ्यासाठी राघू थांबायचा, त्याच्यासाठी नाही.

"तू बिळाकडेच बघतोस ना पण?" मी विचारलं.

"म्हणजे काय! त्यासाठीच तर बसतो," तो म्हणाला, आणि चहाच्या कपात काहीतरी पडल्यासारखा आत बघत राहिला.

त्याच संध्याकाळी, निघताना, त्याने सांगितलं.

"मला हमरियाला हलवतायत. कारखान्यात. राहायचीही सोय तिकडेच, शारजापलीकडे. सोमवारपासून."

कडुनिंबावर साळुंक्यांचा झोपायच्या आधीचा गलका चालला होता. मी कॅमेऱ्याची टोपी लावली. काढली. पुन्हा लावली.

"पिल्लंही याच आठवड्यात उडतील," मी म्हणाले. "आवाज मोठे झालेत. म्हणजे... प्रयोग तसाही संपतोच आहे."

"हो ना. खलास," तो म्हणाला. "मग कशाला कोण पहाटे उठतंय."

"कशाला उठेल."

हे मी म्हणाले. मीच! लॅबमध्ये एका थेंबाची चूक मला खपत नाही, आणि इथे मी सरळसरळ खोटं बोलत होते. बीळ रिकामं झालं की आम्हाला भेटायला कारण उरणार नव्हतं. बाकाला नाही, खुर्चीला नाही, दोन चहांना नाही. त्याच्याकडे काही असलं तर त्याने बोलावं असं मला वाटत होतं. आणि तो बोलत नव्हता. आणि मला विचारायची हिंमत नव्हती. मी घरी आले ते सरळ खोलीत गेले. आईने जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणाले.

वेळ जावा म्हणून फोटो निवडायला बसले.

माझ्या बहुतेक फोटोंत काठीवरचा राघू लख्ख असतो आणि मागे बाकावरचा शार्दूल म्हणजे एक पुसट डाग. फोटोमागून फोटो सरकत होते. मग एक आला, ज्यात फोकस चुकला होता. राघू नेमका त्या क्षणी बिळाकडे झेपावला होता — नुसती हिरवी रेघ. कॅमेऱ्याला पकडायला काही सापडलं नव्हतं, म्हणून त्याने मागचा माणूस पकडला होता. बाद फोटो. मी पुसून टाकायला बोट नेलं...

आणि थांबले.

शार्दूल बिळाकडे बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. सरळ लेन्समध्ये. चेहऱ्यावर ते अर्धं हसू, एकाच गालातलं, आणि डोळ्यांत... ते काय होतं ते मला मोजता येणार नाही.

मी मागचे फोटो काढले. मोठे करून पाहिले. पुसट डाग, पण प्रत्येक डागात चष्म्याच्या दोन काचा माझ्या दिशेला. प्रत्येक. टोपी घातलेला, टोपी नसलेला, माझ्या शर्टात अडकलेला — सगळे शार्दूल माझ्याकडे बघत होते. पहिल्या दिवशी तो ढिगाऱ्याकडे टक लावून बसला होता, म्हणून राघू ताटकळला. नंतर त्याने ढिगाऱ्याकडे पुन्हा कधी पाहिलंच नाही, आणि राघूला ते पहिल्या फेरीतच कळलं: या माणसाला माझ्या घराशी काही घेणं-देणं नाही. याचं लक्ष भलतीकडेच आहे.

मी मात्र टोप्या बदलत बसले होते.

एकच बाग, एकच जोडी. याला कोणी शास्त्र म्हणणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण मी खोलीतून धावत बाहेर आले आणि आईला म्हणाले, "जेवायला वाढ. खूप भूक लागलीये."

* * *

शुक्रवारी आमची सुट्टी दुपारीच होते. ऊन उतरल्यावर मी बागेत गेले, तेव्हा शार्दूल आधीच बाकावर होता. ओळखपत्र नव्हतं. इस्त्रीचा शर्ट होता. मला पाहून उठला.

"शेवटचं सेशन," तो म्हणाला.

"आज मी बाकावर. तू कॅमेरा घे."

"पण तुझे बाकावरचे आकडे तर झालेत सगळे."

"एक राहिलाय."

त्याने वाद घातला नाही. खुर्चीवर जाऊन बसला, कॅमेरा डोळ्याला लावला, बोट नीट ठेवलं, मी शिकवलं होतं तसं. मशिदीतून अजान सुरू झाली. गवतावरून गरम वारा आला. आणि काठीवर राघू उतरला, चोचीत एक गलेलठ्ठ मधमाशी. त्याने ती आपटली, घासली, पुन्हा आपटली. मग मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं. तो मला ओळखत होता. ही ती, जी कधी नजर हटवत नाही.

मी मान डावीकडे वळवली.

शार्दूलकडे पाहिलं.

आधी दिसल्या त्या त्याच्या हाताच्या शिरा. मग कपाळावरची बट. मग ओठ, फोटो काढताना नकळत दुमडलेले. किती दिवस मी या बाकावर बसत होते, आणि एकदाही डावीकडे पाहिलं नव्हतं! कानांना पंखांची फुर्र ऐकू आली. मी नजर काढली नाही.

"गेला!" शार्दूल कुजबुजला. कॅमेरा तसाच डोळ्याला. "ईशानी, तो गेला! तू बाकावर असताना... लगेच गेला! बघितलंस?"

"नाही."

"नाही? अगं तुझ्या समोरून—" त्याने कॅमेरा खाली घेतला. "मग तू कुठे बघत..."

आणि वाक्य तिथेच राहिलं. कारण मी अजून तिकडेच बघत होते.

तो लाल झाला. मी कोणाला इतकं हळूहळू, कानांपासून सुरू होऊन लाल होताना पाहिलेलं नाही.

"तुला कधी कळलं?" त्याने विचारलं.

"काल. राघूला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मी थोडी मंद आहे."

"मी सांगणार होतो."

"कधी?"

"रोज." तो उठून आला, बाकाशी थांबला. "पण तू इतकी मन लावून बघायचीस त्याच्याकडे... असं एखाद्याकडे कोणी बघताना मी पाहिलं नव्हतं. वाटायचं, मधे बोलून हे मोडू नये. आणि मग हमरियाचं आलं. म्हटलं, उगाच कशाला..."

"हमरिया काही अंटार्क्टिकात नाही."

"सकाळच्या ट्रॅफिकमध्ये आहे."

"मग संध्याकाळी ये." मी थांबले नाही. "पिल्लं उडतील. बीळ रिकामं होईल. तरी ये. मला प्रयोग नकोय शार्दूल... मला तू हवा आहेस. 'बघितलंस?' असं विचारायला."

तो बाकावर बसला. माझ्या शेजारी, बरोबर हातभर अंतरावर, आणि मग ते अंतर त्याने कमी केलं. त्याच्या तळहाताला कॅमेऱ्याच्या पट्ट्याचा वळ उठला होता. मी तो बोटाने चाचपला.

"एक सांगू?" मी म्हणाले. "तुझा सगळा डेटा बाद करावा लागणार."

"सगळा?"

"सगळा. निरीक्षकाचं लक्ष नव्हतं."

"होतं की," तो म्हणाला. "पुरेपूर होतं."

* * *

शनिवारी पहाटे आम्ही दोघं उजाडायच्या आधीच बाकावर होतो. आईने डब्यात सांजा दिला होता आणि "निरीक्षकाला गोड कितपत चालतं ते विचार" असा निरोपही. शार्दूलने मिरजेच्या घराबद्दल सांगितलं, अंगणातल्या तारेबद्दल, आईला फोनवर माझ्याबद्दल काय सांगायचं त्याचा सराव माझ्याचपुढे केला. मी त्याला मधेच अडवून दुरुस्त्या सुचवल्या. चहा निवला. ऊन चढलं, फवारे सुटून बंद झाले.

मग वर पाहिलं तर बागेच्या जाळीवर चार पिल्लं ओळीने बसलेली — एकमेकांना घट्ट चिकटून, फिकट हिरवी, डोळ्यांतली काजळरेघ अजून पुसट. बीळ रिकामं होतं.

ती पहिल्यांदा बिळाच्या तोंडाशी केव्हा आली, आधी कोण उडालं, कसं उडालं, हे माझ्या नोंदींत नाही. एकही फोटो नाही. आम्ही दोघंही तिथेच होतो, त्यांच्या दारासमोर, पहाटेपासून.